डाव्या हाताला लागलेली सवय

ग्राइंडरच्या पात्यावरचं गार्ड निवासनेच काढून ठेवलं होतं. कोपरा नीट दिसत नाही, दोन मिनिटांचं तर काम आहे, असं म्हणत त्याने ते खिडकीत ठेवलं, लाकडाचं दातेरी पातं चढवलं आणि सागवानी चौकटीचा कोपरा छाटायला घेतला. डाव्या हाताने चौकट दाबून धरलेली, उजव्या हातात ग्राइंडर. जुन्या लाकडात मोडलेला एक खिळा होता, तो पात्याला लागला. पातं क्षणभर अडलं आणि सगळं यंत्र उसळून मागे आलं.

दुखलं असं काही त्याला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की त्याने मूठ वळायचा प्रयत्न केला. अंगठा वळला आणि बाकीची चार बोटं तशीच सरळ राहिली, दुसऱ्या कुणाची असावीत तशी. तो त्या बोटांकडे बघत उभा राहिला. मनगटाच्या थोडं वर हात उघडला होता आणि रक्त भुशावर सांडत होतं. तरी त्याची नजर बोटांवरून हटेना.

"दादा, खाली बस." त्याची धाकटी बहीण सारिका मुख्य बटण बंद करून धावत आली. तिने धुतलेला पंचा घडी करून जखमेवर दाबला आणि त्याचा हात डोक्याच्या वर धरून ठेवला. "बघू नकोस तिकडे. माझ्याकडे बघ."

"बोटं ऐकत नाहीत गं," निवास म्हणाला.

ही २०३८ सालची गोष्ट. कराडहून पाटणकडे जाताना नदीच्या अलीकडे निवास आणि सारिका सुतार या बहीणभावांचा लाकूडकामाचा कारखाना होता. वडील गेल्यावर दोघांनीच तो सांभाळला. निवास चव्वेचाळीस वर्षांचा, एकटा. सारिका त्याच्याहून आठ वर्षांनी लहान. तिचा नवरा जहाजावर असायचा, त्यामुळे ती आणि तिची लेक ईरा कारखान्यामागच्या घरात निवाससोबतच राहायच्या. जिने ही दोघांची खासियत. लाकडी जिना चढताना करकरला नाही तर तो सुतारांचा, असं त्या भागात म्हणत.

चालक नसलेली रुग्णवाहिका सतरा मिनिटांत आली.

"शिरा तुटल्या का?" शस्त्रक्रियेआधी निवासने विचारलं.

"शिरा नाहीत, कंडरा," डॉ. मृणाल देशमाने म्हणाल्या. हाताच्या शस्त्रक्रियांसाठी लोक त्यांच्याकडे लांबून येत. "बोटं वळवणारे स्नायू असतात कोपराजवळ. तिथून बोटांपर्यंत दोऱ्या गेलेल्या असतात, त्या कंडरा. स्नायूने दोरी ओढली की बोट वळतं. तुमच्या सात दोऱ्या तुटल्यात. मधली नस थोडक्यात वाचली."

"जोडल्या की झालं ना?"

"जोडणं सोपं आहे. अवघड पुढेच असतं. जोडलेली कंडरा बारा आठवडे कच्ची असते. हात हलवलाच नाही, तर ती आजूबाजूला चिकटून बसते आणि बोट आखडतं. जास्त हलवला, तर पुन्हा तुटते. या दोन्हींच्या मधून चालायचं असतं. आणि माणसं चुकतात. कुणी झोपेत मूठ आवळतं, कुणी सहाव्या आठवड्यात बादली उचलतं."

म्हणून त्यांनी एक नवीन गोष्ट सुचवली. जोडलेल्या कंडरेभोवती केसाहून बारीक तंतूंची एक जाळी विणायची. तिच्यावर किती ताण आहे आणि तो किती वेगाने वाढतोय, हे ती क्षणाक्षणाला मोजत राहते. कोपराच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी एक चकती बसते. ताण धोक्याच्या रेषेपलीकडे जातोय असं दिसलं, की चकती स्नायूच्या नसेला इशारा देते, आणि स्नायू ढिला पडतो. वस्तू हातातून सुटते, कंडरा वाचते. मेंदूला कळायच्या आत हे उरकलेलं असतं. बॅटरी लागत नाही, हाताच्या हालचालीवरच ती चालते.

यंत्राला एक लांबलचक नाव होतं. कारखान्यातली माणसं त्याला राखणदार म्हणू लागली.

पहिले सहा आठवडे हात आधाराच्या कडक साच्यात. दिवसातून आठ वेळा उजव्या हाताने डावी बोटं वळवायची, जागेवर धरायची, हळूच सोडायची. इतकं बारीक काम निवासने कोरीव नक्षीतही केलं नव्हतं. सातव्या आठवड्यात एक दिवस ईरा चुलीपाशी धडपडली, तसा त्याने ध्यानीमनी नसताना डाव्या हाताने पातेलं उचललं. बोटं आपोआप उघडली. पातेलं पडलं, दूध सांडलं. कंडरा शाबूत राहिल्या.

"आधीच्या काळात या क्षणी तुमची दुसरी शस्त्रक्रिया ठरली असती," डॉ. देशमाने पडद्यावरची रेघ दाखवत म्हणाल्या. निवासला तेव्हा त्या चकतीच्या पाया पडावंसं वाटलं.

सहा महिन्यांनी तो पुन्हा उभा राहिला करवतीपाशी, आणि खरी करामत तेव्हा कळली. जाळीला यंत्रांची थरथर ओळखता येत होती. पातं अडकून यंत्र उसळी मारणार, त्याच्या आधी थरथर बदलते. माणसाला ती जाणवत नाही, जाळीला जाणवते. ड्रिल अडकून मनगट पिळवटायच्या आत मूठ सुटायची. लाकडाने झटका दिला की हात मागे आलेला असायचा. लाकडी कारागिरांच्या संघटनेने त्याला सभेला बोलावलं. त्याने सगळ्यांसमोर डाव्या हाताने अडकलेलं ड्रिल धरून दाखवलं. ड्रिल जमिनीवर गरगरत पडलं, हाताला ओरखडाही नाही.

मग प्रश्न आलाच. ज्यांचा हात धडधाकट आहे, त्यांनी हे का बसवू नये? बोट तुटण्याची वाट कशाला बघायची?

निवास गावोगाव हिंडला. त्याच्या शब्दावर अडतीस जणांनी राखणदार बसवून घेतला. सारिका तेवढी तयार नव्हती.

"चांगला हात कापून घेऊ मी?" ती म्हणाली. "गार्ड यंत्राला लावायचं असतं, दादा. माणसाला नाही."

"यंत्राचं गार्ड मी काढलं होतं ना? मी, तीस वर्षं काम केलेला माणूस. हे काढता येत नाही, म्हणून सांगतोय. तुझ्या पोरीसाठी तरी ऐक."

तिने ऐकलं. दोन्ही हातांत बसवून घेतला.

दोन वर्षं त्या अडतीस जणांत आणि या दोघांत एकही अपघात झाला नाही. कुणाचं नख उडालं नाही.

तिसऱ्या वर्षी, मार्च महिन्यात, एका शाळेच्या नव्या सभागृहात ते दोघं गॅलरीचा जिना बसवत होते. सकाळचे अकरा वाजले होते. वरच्या टप्प्याला अजून कठडा नव्हता. सारिका पाठमोरी सरकत शेवटच्या पायरीची पातळी बघत होती. तिचा पाय फळीच्या कडेवरून गेला.

ती ओरडली नाही. "अरे," असं काहीतरी म्हणाली, आणि खाली गेली. तिच्या डाव्या हाताने तुळईची कड पकडली. निवासने उजव्या हाताने खांबाला मिठी मारली आणि डावा हात खाली टाकला. तिचं उजवं मनगट त्याच्या मुठीत आलं. पक्कं आलं. तिच्या बांगडीची कड त्याच्या तळहातात रुतलेली त्याला जाणवली. तिने वर बघितलं. दोघांची नजर मिळाली आणि त्याला वाटलं, झालं, धरली.

मग तिच्या अंगाचं वजन खालून झटक्याने आलं.

त्याची बोटं उघडली. तो बघत होता आणि ती उघडत होती. त्याच वेळी तुळईवरची तिची बोटंही उघडली.

पंधरा फूट. खाली फरशी होती.

पुढचा अर्धा तास निवासला तुकड्यातुकड्यांत आठवतो. शाळेची शिपाईबाई धावत आली ते आठवतं. "हलवू नका, कुणी हलवू नका त्यांना," असं तीच म्हणत होती. आपण जिना कसा उतरलो ते आठवत नाही. सारिकाचे डोळे उघडे होते, ती छताकडे बघत होती. तो तिच्या बाजूला गुडघ्यांवर बसला, पण तिला हात लावायची त्याची छाती होईना. डावा हात त्याने पाठीमागे धरला होता, लहान मूल मार खायच्या भीतीने धरतं तसा.

कंबरेचं हाड दोन ठिकाणी मोडलं, उजवी मांडी मोडली, मणका वाचला. चौथ्या दिवशी तिला नीट बोलता आलं, तेव्हा तिने पहिली गोष्ट हीच विचारली.

"दादा, तू सोडलंस?"

"मी नाही गं सोडलं. त्याने सोडलं."

"राखणदाराने."

"हो. झटका आला ना. त्याला काय कळतंय, ड्रिल आहे का माणूस."

 ती म्हणाली, "माझीही पकड सुटली. मी तुळई जीव खाऊन धरली होती, तरी सुटली." आणि तिने त्याचा हात, तोच हात, हळूच थोपटला. "तुझ्यावर राग नाही. त्या मेल्या यंत्रावर आहे."

निवास बाहेर व्हरांड्यात येऊन रडला. पण रडताना मनाच्या तळाशी त्याला थोडं हलकंही वाटत होतं. दोष द्यायला कुणीतरी होतं. त्याच आठवड्यात तो डॉ. देशमान्यांकडे गेला. त्याने ठरवलं होतं, त्या क्षणाची नोंद मागायची, कागद हातात घ्यायचा आणि बनवणाऱ्यांना कोर्टात खेचायचं.

डॉक्टरांनी कोपरावर नोंद वाचणारं यंत्र ठेवलं. पडद्यावर तीन वर्षांच्या रेघा आल्या. त्यांनी ती तारीख काढली, अकरा वाजताची वेळ काढली. बघितलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. मग उठून खोलीचं दार लावलं.

"काय झालं, मॅडम?"

"ताण चढलेला दिसतोय. हा बघा झटका. रेषेच्या दुप्पट वर गेला." त्या थांबल्या. "पण चकतीने इशारा दिलेला नाही."

"म्हणजे?"

"तिला इशारा द्यायची वेळच आली नाही. झटका सुरू झाला न झाला तोच स्नायू ढिला पडायला लागला होता. चकतीच्या आधी."

निवासला काही समजलं नाही. त्यांनी रेघ मागे मागे नेली. मागचा महिना, त्याच्या मागचा. इशाऱ्याची खूण कुठेच नव्हती. शेवटची खूण सापडली ती चौदा महिन्यांपूर्वीची.

"चौदा महिने ही चकती नुसती बसून आहे," डॉ. देशमाने म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम म्हातारा वाटला. "आणि तुमचा हात तरीही सुटत होता. दर वेळी."

"बंद पडली असेल."

"चालू आहे. मोजतेय की नीट." त्या खुर्चीत मागे टेकल्या. "गरम तव्याला बोट लागलं, की हात मागे येतो. तेव्हा आपण विचार करत नाही. तो निर्णय मेंदूपर्यंत जात नाही, पाठीच्या कण्यातच होतो. हा कणाही शिकतो, निवासराव. एकच गोष्ट हजार वेळा घडली, की त्याला तिची सवय लागते. राखणदाराने तुमच्या हाताला हजारो वेळा शिकवलं, झटका आला की सोड. हात शिकला. मग शिकवणाऱ्याची गरज उरली नाही."

"तुम्हाला हे दिसत नव्हतं?"

त्या म्हणाल्या, "दिसत होतं. दर तीन महिन्यांनी तुमची नोंद माझ्यासमोर यायची. इशारे शून्य. मी शेरा लिहायची, रुग्ण आता सावधपणे काम करतो, प्रगती उत्तम. शून्य बघून मला आनंद व्हायचा." त्यांनी पडदा बंद केला. "सारिकाताईंचं दोन्ही हातांचं असंच असणार. बाकीच्यांचंही."

"मग ती चकती काढून टाकली तर?"

"काही फरक पडणार नाही. सोडणारी ती नाहीच."

निवास घरी चालत आला, तीन किलोमीटर. वाटेत तो डाव्या हाताची मूठ वळत होता, उघडत होता. हात त्याचं सगळं ऐकत होता. कुलूप काढलं, पाण्याचा तांब्या उचलला, ईराच्या वेणीचा सुटलेला रबर लावला. आणि तरी याच हाताने, कुणी सांगितलेलं नसताना, बहिणीला सोडलं होतं. त्याला सोड म्हणालं कोण? निवास तर नक्की म्हणाला नव्हता. मग हातात आणखी कोण होतं?

सांगू नये, असं त्याला वाटलं. सारिकाचा राग यंत्रावर होता आणि त्या रागाच्या जोरावर ती बरी होत होती. डॉक्टर म्हणाल्या होत्या, तुमची नोंद तुमची आहे, तुम्ही सांगाल त्यालाच दाखवीन. दोन दिवस तो डबा घेऊन गेला, तिला जेवू घातलं आणि काही न बोलता परतला. तिसऱ्या दिवशी ईरा बरोबर होती. ती कॉटवर चढून आईला म्हणाली, "घरी आलीस की मला उंच उडवशील?" आणि सारिका म्हणाली, "हो गं, हाड जुळू दे. उडवीन आणि झेलीन."

निवासच्या हातातला चमचा डब्यात पडला.

त्याने ईराला खाली फळं आणायला शिपाईबाईबरोबर पाठवलं. ही शाळेतली तीच बाई, रोज सारिकाला बघायला यायची. मग त्याने कॉटजवळ स्टूल ओढलं.

"सारू, राखणदाराने नाही सोडलं."

"म्हणजे?"

त्याने सगळं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं तसंच. तो थांबला, तेव्हा तिने आपले दोन्ही हात चादरीवरून उचलून तोंडासमोर धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"मी तिला झेललंय," ती म्हणाली. "गेल्या उन्हाळ्यात, नदीवर. वर उडवून झेललंय. एकदा सुटली होती. पाण्यात पडली, हसत होती. मला वाटलं, ओले हात म्हणून निसटली."

"सारू..."

"तू मला म्हणाला होतास, पोरीसाठी ऐक."

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. तो बसून राहिला. ईराचा आवाज जिन्यात ऐकू आला, तेव्हा भिंतीकडे बघतच ती म्हणाली, "त्या अडतीस जणांना सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग इथे काय बसलायस? त्यांच्या घरी पोरं नाहीत?"

तो त्याच दुपारी निघाला. सर्वांत आधी उंब्रजच्या लक्ष्मण लोहारांकडे गेला. ते हसले. "अरे, माझी दहाही बोटं जागेवर आहेत तुझ्यामुळे," म्हणाले. निवासने त्यांना अंगणात उभं केलं, एका दोरीला वाळूची पिशवी बांधून ती त्यांच्या हातात धरायला दिली आणि दोरीला खालून झटका मारला. पिशवी पडली. लक्ष्मणरावांनी पुन्हा धरली, दात आवळून धरली. पुन्हा पडली. पाचव्या वेळी त्यांची सून दारात येऊन उभी राहिली. तिच्या कडेवर तान्हं होतं. लक्ष्मणराव तिच्याकडे आणि मग आपल्या हातांकडे बघून अंगणातच खाली बसले. आठ दिवसांत निवासने अशी अडतीस अंगणं पाहिली. दोघांनी त्याला शिव्या घातल्या. एकाने गळ्यात पडून विचारलं, आता काय करायचं. बहुतेक जण नुसते हातांकडे बघत राहिले.

आता काय करायचं, हे डॉ. देशमान्यांनाही धड ठाऊक नव्हतं. पण त्यांनी आपल्या शेऱ्यांची चूक लिहून जाहीर केली आणि रुग्णालयाच्या मागच्या खोलीत एक वर्ग सुरू केला. जे शिकलं जातं ते विसरवताही येतं, एवढाच आधार होता. एक दांडा, त्याला दोरी, दोरीला वजन. वजनाला मधेच, न सांगता, झटका बसायचा. दांडा सोडायचा नाही. दिवसाला दोनशे वेळा. धडधाकट हातांना नुसते कष्ट होते. निवासच्या हाताला धोकाही होता.

"जोडलेली कंडरा मोठ्या झटक्याला तुटू शकते," डॉक्टरांनी त्याला बजावलं. "मग पुन्हा जोडता येईलच असं नाही. तुम्ही नाही केलंत तरी चालेल. उजव्या हातावर निभेल तुमचं."

"करतो," निवास म्हणाला.

कारखान्यात सगळ्या यंत्रांना गार्ड लागली, बटण दाबून धरलं तरच चालणारी ग्राइंडर आली. आणि रोज चार वाजता निवास त्या खोलीत जाऊ लागला. पहिला महिनाभर दांडा दरवेळी पडला. दुसऱ्या महिन्यात कधीतरी एखादं बोट दांड्यावर टिकून राहायचं. सारिका काठी टेकत चालायला लागली, तशी तीही यायला लागली. स्वतःचे दोनशे झटके संपवून ती भिंतीकडच्या बाकावर बसायची. त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. त्याने कधी जास्त मागितलं नाही.

सप्टेंबरातल्या एका दुपारी दोरीला झटका बसला आणि दांडा हातातच राहिला.

निवासला आधी कळलंच नाही. मग हातात आग उठली, मनगटापासून कोपरापर्यंत, शिवणीच्या सातही जागांमधून. वजन झुलत होतं. बोटं आवळलेली होती, पांढरी पडली होती, पण उघडत नव्हती. पुन्हा झटका बसला. दांडा धरलेलाच. वर्गातले इतर थांबून बघू लागले. व्यायाम शिकवणारी मुलगी पुढे होऊन म्हणाली, "काका, बास, ताण खूप झालाय." तो ऐकत नव्हता. त्याला भीती होती, की मूठ ढिली केली तर ती आपण केली का हाताने केली, हे पुन्हा कधी कळणार नाही. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता.

काठीचा आवाज जवळ आला. सारिका त्याच्या समोर येऊन उभी राहिली. तिने दांड्याकडे बघितलं नाही, त्याच्याकडे बघितलं.

"दादा," ती म्हणाली. "आता सोड."

"सोडतो," तो म्हणाला, आणि मग सोडलं.